परसातली लवकी

किसणीवरून सरकून बोटाला चिकटलेला लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, एक किस वर्षालीने सहज तोंडात टाकला आणि तिची जीभ आत ओढली गेली. कडू. कारलं कडू असतं ते ओळखीचं, तोंडाला आधीपासून ठाऊक असलेलं. हे तसं नव्हतं. हे जिभेच्या मुळाशी जाऊन बसलं आणि तिथून घशात, कानांच्या मागे, पार मानेपर्यंत पसरत गेलं. तिने सिंकमध्ये थुंकलं, चूळ भरली, पुन्हा भरली, साखरेची चिमूट तोंडात टाकली. साखर विरघळून गेली आणि कडूपणा तिथेच राहिला. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहाला पाच मिनिटं कमी होती. मागच्या दारातून मार्चचं ऊन ओट्याच्या पायथ्याशी आलं होतं, कुकर अजून चढवायचा होता, आणि तरी तिला वाटलं की घरात काहीतरी बंद पडलंय. आपली जीभच बिघडली असेल, असं म्हणून तिने सुरीने लवकीची दुसऱ्या बाजूने पातळ फोड काढली आणि जिभेच्या टोकाला नुसती टेकवली. मग तिने सुरी खाली ठेवली. ओट्यावर अर्धी लवकी होती. उरलेली अर्धी, देठाकडची, सकाळी सहा वाजता मिक्सरमधून फिरून, गाळून, स्टीलच्या ग्लासातून मामाजींच्या पोटात गेली होती.

मामाजी म्हणजे रूपराव, तिचे सासरे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई, भागीरथाबाई, गेल्या आणि रोहण्याची शेती ठोक्याने, वर्षाच्या ठरावीक पैशांवर कसायला देऊन ते वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला या घरी राहायला आले. फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी सांगितलं होतं की सकाळी अनशापोटी लवकीचा रस घेतला की हृदयाच्या नळ्या साफ राहतात. त्यांनी ते अंकुशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला सांगितलं, अंकुशने तिला सांगितलं. त्या घरात सगळं असंच फिरून यायचं. तेव्हापासून रोज सहाला ती रस काढायची. पुदिन्याची चार पानं, सैंधव, अर्धं लिंबू. मामाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभे राहायचे, ग्लास दोन्ही हातांनी धरायचे, डोळे मिटून एका दमात प्यायचे आणि ग्लास स्वतः विसळून पालथा घालायचे. आज मध्येच थांबले होते. तिने पाहिलं होतं. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि तिथेच राहिली, डोळे उघडले, ग्लासात बघितलं, मग तिच्याकडे. ती ओट्याला टेकून हसत उभी होती, कारण आज बाजारची लवकी नव्हती, परसातल्या वेलीची पहिली लवकी होती, आणि ती म्हणालीही होती, "घरची हाय, मामाजी." त्यांनी मान हलवली आणि उरलेला रस संपवला. ग्लास विसळला, पालथा घातला. सातच्या बसने नाचणगावला जायला निघून गेले. तिथे महादेवराव म्हणून त्यांचे जुने सोबती होते, त्यांच्या नातवाचं बारसं होतं. जाताना दारात एकदा ढेकर दिला होता. तोही तिला आता आठवला.

तिने लवकी उचलली आणि मागच्या दाराबाहेरच्या खताच्या बादलीत टाकली. वर चहाचा चोथा टाकला, कांद्याची सालं टाकली. मिक्सरचं भांडं घासलं, गाळणी घासली, तो ग्लास, जो आधीच स्वच्छ होता, तोही घासला. हे सगळं तिचे हात करत होते. आपण काय करतोय हे तिला बादलीचं झाकण लावताना कळलं, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला खरी भीती वाटली. कडूपणाची नव्हे, स्वतःच्या हातांची. काजलच्या डब्यात बटाटा दिला होता, हे तिने मनात तीनदा म्हणून घेतलं. तेरा वर्षांची पोरगी लवकीला तोंड लावत नाही म्हणून रोज बोलणी खायची. बटाटा. बटाटाच. मग ती खुर्चीवर बसली, मोबाइल घेतला आणि कडू लवकीचं नाव टाकून बघितलं. फार वाचलं नाही. उलट्या, जुलाब, रक्तदाब एकदम खाली, उलटीत रक्त. कोणीतरी दवाखान्यात नेण्याआधीच गेलेलं. कोणीतरी तिच्याच वयाची बाई. उतारा नाही, एवढं वाक्य तिने दोनदा वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

मामाजींना फोन लावला तर घंटी आतल्या खोलीत वाजली. पलंगावर, उशीपाशी, चार्जरला लावलेला. खिशात जड वाटते म्हणून ते नेतच नसत. ती दारात उभी राहून तो वाजणारा फोन बघत राहिली. पडद्यावर तिचंच नाव येत होतं: सूनबाई. त्यांनी कोणाकडून तरी भरून घेतलेलं. महादेवरावांचा नंबर त्यात असेल, काढता आला असता. तिने तो फोन हातात घेतला आणि पुन्हा उशीपाशी ठेवला. साडेचार तास झाले होते. काही व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं, कोणीतरी कळवलं असतं. एक ग्लास तर होता. त्यात पाणीही होतं. म्हातारा माणूस कडक काठीचा, जन्मभर उन्हात राबलेला, त्याला काय होतंय. असं ती स्वतःशी बोलत होती आणि बोलता बोलता मागच्या दारापर्यंत आली होती, जिथून वेल दिसत होती.

ती वेल तिने लावली नव्हती. जानेवारीत मोरीच्या पाण्यापाशी आपोआप उगवली होती. मामाजींनी तेव्हाच सांगितलं होतं, "बाई, हे बेणं कोणतं हाय कोणाले ठाऊक. उपटून टाकजो." मामाजी तिला बाई म्हणत. ती हाव म्हणाली आणि उपटली नाही. उपटायला हात गेला होता, पण त्या दोन जाड दळांच्या मधून निघालेलं पान इतकं मऊ, इतकं लव असलेलं होतं की हात परत आला. आणि खरं सांगायचं तर तिला एक गोष्ट अशी हवी होती की जी मामाजींनी सांगून झालेली नाही. बाकीचं सगळं परस त्यांचंच होतं एका अर्थाने. ते आले तेव्हा इथे पंधरा फूट रुंद जागेत बांधकामाचा मुरूम आणि फुटक्या टाइल्स होत्या. पहिला महिनाभर ते दिवसदिवस बाजेवर बसून राहायचे, टीव्हीकडे न बघता टीव्हीपुढे. एक दिवस न सांगता रोहण्याला गेले आणि टेंपोत काळ्या मातीची वीस चुंगडी, म्हणजे पोती, टाकून आले. अंकुश ओरडला, "बाबा, बाजारात सगळं भेटते, हे कायले?" ते चुंगडी उतरवून घेत राहिले. संध्याकाळी वर्षाली फावडं घेऊन बाहेर गेली, कारण चुंगडी दारातच पडली होती आणि कोणीतरी ती हलवायची होती. तिने पहिलं चुंगडं ओतलं आणि ढेकूळ हातात घेतलं. माहेरी चाळीस एकर होते, पण मुलींनी शेतात फक्त डबा घेऊन जायचा. सदतिसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा ढेकूळ बोटांनी फोडलं, त्यातून आलेला थंडावा मनगटापर्यंत चढला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामाजी येऊन बसले होते. "पहिले वांगे लाव," ते म्हणाले. "वांगं माफ करते." दोन वर्षांत तिच्याशी बोललेलं ते त्यांचं सर्वांत मोठं बोलणं असेल.

त्यानंतर त्या दोघांमध्ये परस होतं. घरात शब्द नसत, पण इथे ती वाफ्यात बसलेली आणि ते प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि मध्येच एखादं वाक्य. राख टाक. कोथिंबिरीच्या वाफ्याकडे बोट करून, सांभार दाट झाला, उपट. टमाटरच्या झाडाला काठी देताना बोटांना जो हिरवा उग्र वास लागायचा तो ती रात्री झोपताना हुंगायची. पहाटे दव असताना तोडलेली वांगी एकमेकांवर घासली की चिरचिरायची. अंबाडी तोडून आणली, निवडली, ज्वारीच्या कण्या घालून शिजवली, की ताटात वाढताना तिला वाटायचं हे मी केलं, मातीपासून इथपर्यंत. थंडीत तिने मुगाच्या वड्या घातल्या. डाळ पाट्यावर वाटली, मिक्सरमध्ये नाही, कारण मिक्सरने डाळ तापते. गच्चीवर जुन्या लुगड्यावर ओळीने वड्या, प्रत्येकीला बोटांनी काढलेलं टोक. भागीरथाबाईंच्या लुगड्यावर. मामाजी गच्चीवर आले, बघून उभे राहिले आणि खाली निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी कावळे हाकलायला स्वतःच काठी घेऊन बसले. पंधरा वर्षं ती या घरात नोकरीवाल्याची बायको होती. आता तिच्या हाताला चव आहे असं शेजारच्या बाया म्हणू लागल्या होत्या. हाताला चव. तिने आपले हात उलटेसुलटे करून बघितले. नखांच्या कडेला हिरवट रेष होती. ती जिभेवर लागली तर कडू लागेल का, हे बघायची तिची हिंमत झाली नाही.

आणि मग कमलाबाई आठवली, जिला ती पंचवीस-तीस वर्षांत विसरून गेली होती. माहेरच्या गावची कमलाबाई. लग्न कोणाचंही असो, उलट्या मडक्यावर लांब पोळ्या करायला तिलाच बोलवायचे. पातळ कणीक कोपरापर्यंत हातांवर झुलवत, झुलवत, ती ओढणीएवढी करून मडक्यावर अंथरायची. पोरं जाळाभोवती उभी राहायची, त्यांत वर्षालीही असायची. एकदा तिनेच पोळ्या केलेल्या एका भंडाऱ्यात चाळीस माणसांना उलट्या झाल्या. मठ्ठ्याने झालं असेल, विहिरीच्या पाण्याने झालं असेल. एक म्हातारी दगावली. कोणी कमलाबाईला एक शब्द बोललं नाही. पोलीस आले नाहीत, भांडण झालं नाही. फक्त पुढच्या लग्नात तिला बोलावणं गेलं नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. एकदा शाळेतून येताना वर्षालीने तिला ओसरीवर बसलेलं पाहिलं. हात मांडीवर, तळवे वर. कोणी तिच्या हाताचं पाणीही घेत नाही, असं आई म्हणाली होती, आणि असं म्हणताना आईने आवाज खाली केला होता. वर्षाली दहा वर्षांची होती. तिने त्या घरावरून जाणं सोडलं, लांबच्या गल्लीने जायची. कमलाबाईने काही केलं असेल असं तिला कधीच वाटलं नव्हतं. तरी लांबच्या गल्लीने जायची.

सव्वाअकराला, तिने कुकर चढवला तेवढ्यात, अंकुशचा फोन आला. तो देवळीला तहसीलमध्ये कारकून होता, कामाच्या वेळी कधी फोन करत नसे. "वर्षाली, महादेवरावाच्या घरून फोन आलता. बाबाले खूप उलट्या होऊन राह्यल्या. पुलगावले दवाखान्यात नेलं. मी निघालो. सकाळी काय खाल्लं होतं त्यानं?"

तिच्या तोंडात कडूपणा अजून होता. तो तिने गिळला.

"काही नाई," ती म्हणाली. "चहा घेतला फक्त."

"पक्कं?"

"हाव."

फोन बंद झाला. ती उभी होती तिथेच खाली बसली. असं आपण म्हणालो? कोणी गळा धरला नव्हता, कोणी समोर नव्हतं. वाक्य तोंडात तयार बसलेलं होतं, बादलीचं झाकण लावलं तेव्हापासून, आणि विचारल्याबरोबर बाहेर पडलं, अगदी तिच्या रोजच्या आवाजात. आता ते देवळीहून पुलगावच्या रस्त्याने अंकुशच्या मोटरसायकलवर बसून चाललं होतं. तिथे पोचेल, डॉक्टरला सांगेल, डॉक्टर कागदावर लिहील: चहा. आणि त्या कागदावरून औषध ठरेल. तिला दिसलं ते सगळं. दिसूनही ती उठली नाही. ती भिंतीला पाठ लावून बसली आणि मनात एक अतिशय नीच गोष्ट उगवली, की जर आता ते बरे झाले तर कोणाला काही कळणार नाही, आणि जर बरे नाही झाले, तरीही कळणार नाही. तिने दोन्ही हातांनी कान झाकले, जणू हे कोणी दुसऱ्याने म्हटलं होतं. कुकरने शिटी दिली आणि ती किंचाळली.

बाराला दुसरा फोन. अंकुशचा आवाज आता वेगळा होता, पातळ. "उलटीत रक्त आलं. बीपी खाली गेलं. डॉक्टर म्हणून राह्यले हार्टचंबी असू शकते, नागपूरले न्या लागन. विचारून विचारून थकले. बाबाले विचारलं तर तेही तेच म्हणते, काहीच नाई घेतलं, सूनबाईनं नुसता चहा देल्ला." कोणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो," तो म्हणाला.

तेही तेच म्हणतात. मामाजी सकाळी चहा घेत नाहीत. रस घेतल्यावर तासभर काहीच घेत नाहीत, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, अंकुश घाबरून विसरला होता एवढंच. म्हणजे हे रसानेच झालं, हे मामाजींना ठाऊक होतं. उलटी पहिली झाली तेव्हा, की ग्लासात बघितलं तेव्हाच? आणि ते दवाखान्यात, रक्त ओकत, तिचं खोटं न ऐकता तेच खोटं बोलत होते. तिने भीतीने, त्यांनी कशाने? त्या प्रश्नापाशी तिला थांबता आलं नाही, तो फार मोठा होता. तिने अंकुशला फोन लावला. लागला नाही. लागला नाही याचं तिला क्षणभर बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तिने पाहिलं, आणि मग मात्र ती उठली. बादलीत हात घातला. चोथ्याखालून, सालांखालून लवकी काढली, धुतली, काजलच्या जुन्या डब्यात बसत नव्हती म्हणून सुरीने कापून बसवली. गॅस बंद केला. किल्ली शेजारी दिली. स्कूटीवर ती कधी सेलूच्या पुढे गेली नव्हती.

वर्धा ते पुलगाव तीस किलोमीटर. त्या रस्त्याचं नंतर तिला तुकड्यांनीच आठवायचं. पळसं पेटलेली, आणि त्यांचा लाल रंग बघवत नव्हता. ट्रक जवळून गेला की स्कूटी थरथरायची, हेल्मेटच्या आत तिचाच श्वास कडू वास घेऊन परत यायचा. तिला सतत वाटत होतं की ती पोचेल तेव्हा अंकुश दारात उभा असेल आणि काही बोलणार नाही. देवळी गेली. एका पुलावर तिने गाडी थांबवली, फोन लावला, वाजत राहिला. खाली नदीच्या पात्रात कोणी टरबूजं लावली होती, एक बाई कंबरेत वाकून वेली परतवत होती, इतकी सावकाश, इतकी निवांत, की वर्षालीला तिचा राग आला. डबा पायांपाशी होता. फेकायचा तर हा पूल होता. हेही तिच्या मनात येऊन गेलं. लपवून काय उपयोग, तिने ते स्वतःला सांगूनच टाकलं, आणि किक मारली.

दवाखान्याच्या दारात अंकुश नव्हता. तो आत होता, कागद हातात, आणि त्याच्याशी एक तरुण डॉक्टरीण बोलत होती. शेजारी महादेवराव टोपी मुठीत धरून बाकावर बसलेले, बारशाच्या नव्या धोतरावर उलटीचे डाग. वर्षाली सरळ डॉक्टरणीपुढे गेली आणि डबा उघडला. नवऱ्याकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं, म्हणून डब्याकडेच बघत म्हणाली, "हे पेलं त्याईनं सकाळी. रस करून मी देल्ला, एक ग्लास भरून. कडू हाय. हे कडू हाय, मले साडेदहाले समजलं."

डॉक्टरणीने एक फोड उचलली, जिभेला लावली आणि लगेच रुमालात थुंकली. तिचा चेहरा बदलला. "साडेदहा? आता दीड वाजतोय." एवढंच बोलून ती वळली, आत जाताना नर्सला ओरडून कसलं तरी इंजेक्शन थांबवायला सांगितलं, दुसरं काहीतरी मागवलं. दार हललं, बंद झालं. महादेवराव म्हणाले, "अरे बापा."

अंकुश तिच्याकडे बघत होता. रागाने बघत असता तर बरं झालं असतं. तो ज्या नजरेने बघत होता ती तिला ठाऊक होती. तिने स्वतः तशी एकदा लांबच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघितलं होतं.

"तू म्हणाली होती चहाच घेतला."

"हाव."

"काऊन?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते एका वाक्याचं नव्हतं.  अंकुशने तिच्या हातातला डबा काढून घेतला, झाकण लावलं आणि खिडकीत ठेवला. जसा पेटता स्टोव्ह कोणी लहान मुलापासून बाजूला ठेवावा.

मामाजी वाचले. नागपूरला न्यावं लागलं नाही. दोन रात्री वाईट गेल्या, तिसऱ्या दिवशी रक्तदाब जागेवर आला, पोटातली जखम भरायला वेळ लागेल असं डॉक्टरणीने सांगितलं. वेल तापली, पाणी कमी पडलं, किंवा बेणंच भलतं असलं की असं होतं कधी कधी, असंही म्हणाली. म्हणून चाखायचं, जरा कडू लागलं तरी फेकायचं. नर्स हसून म्हणाली, "लोकं औषध समजून पेते, बाई." कोणी वर्षालीला रागावलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी खोलीत ती आणि मामाजी दोघंच होते. सलाइनचे थेंब पडत होते. त्यांचे ओठ सोललेले, गालाची हाडं वर आलेली. तिला विचारायचं नव्हतं, तरी तोंडून गेलं.

"मामाजी, कडू लागलं नाई काय तुम्हाले?"

"लागलं."

"मंग थुकलं काऊन नाई?"

त्यांनी सलाइन लावलेला हात चादरीवर सरळ केला. 

"तू पाहून राह्यली होती," ते म्हणाले.

ती बाहेर गेली आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिली. ज्या हौसेने ती ओट्याला टेकून हसत होती त्या हौसेनेच त्यांना तो ग्लास संपवायला लावला होता. विष वेलीत होतं की तिच्या त्या हसण्यात, हे तिला त्या दिवशी तरी वेगळं करता आलं नाही.

घरी आले तेव्हा वेल कोणीतरी बुडाशी कापलेली होती. अंकुशनेच असेल, त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. मांडवावर पानं वरून हिरवी आणि खालून सुकत आलेली, सहा-सात लवक्या लोंबकळत होत्या, त्या काढायला कोणीच हात लावत नव्हतं. पहिला आठवडा अंकुशने मेसचा डबा लावला. मामाजींसाठी पेज तेवढी ती करायची. वाफ्यातला पालक वाढून फुलोऱ्यावर येऊ लागला, वांगी पिवळी पडली. डबा बंद झाल्यावर तिने बाजारातून भाजी आणली आणि प्रत्येक गोष्ट चाखू लागली. कच्ची, अर्धी शिजलेली, शिजलेली. गवारीची शेंग न् शेंग. पाणीसुद्धा. जीभ इतकी चाखून झाली की तिला कशाचीच खात्री वाटेना, आणि ताट वाढून झाल्यावर ती दारात उभी राहून प्रत्येकाच्या गळ्याकडे बघायची, घाटी वर जाऊन खाली येते की नाही. आपण पुन्हा पाहून राहिलो आहोत हे लक्षात आलं की मान वळवायची. शेजारच्या बाया विचारपूस करून गेल्या. पूर्वी मागून न्यायच्या ते वांगं, तो मूठभर सांभार, आता कोणी मागितला नाही. कोणाच्या मनात काही नसेलही. एका संध्याकाळी काजलने ताटातली भाजी बोटाने बाजूला करत विचारलं, "आई, हे घरचं हाय का विकतचं?" अगदी साधेपणाने. अंकुशने वर बघितलं नाही. "विकतचं," वर्षाली म्हणाली, आणि पोरीने घास घेतला.

तीन आठवड्यांनी डॉक्टरणीने मामाजींना साधं जेवण सांगितलं. त्या दिवशी काजल शाळेत होती, अंकुश ऑफिसात. सकाळी वर्षाली परसात गेली. ऊन चढायच्या आत वाफ्यापाशी बसली आणि बराच वेळ नुसती बसली. मग पालकाची कोवळी पानं खुडली. का खुडली ते तिला सांगता आलं नसतं; प्रत्येक देठ नखाने तुटताना तो बारीक, ओला आवाज तिला हवाहवासा वाटत होता. पानं धुतली, चाखली. तुरीच्या डाळीत शिजवून डाळभाजी केली, तिखट न घालता, लसणाची नुसती हलकी फोडणी. चाखली. मऊ भात केला. पाट मांडला, ताट वाढलं. मामाजी येऊन बसले. खांदे उतरलेले, सदरा मोठा झालेला. ताटात हिरवं दिसलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आपलं?"

"हाव," ती म्हणाली. या वेळी खोटं बोलायला जागाच नव्हती.

त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. हात भातापर्यंत गेला आणि थांबला. पाच बोटं ताटावर तशीच राहिली, जरा वाकलेली. बाहेर कोणाच्या तरी गच्चीवर टाकीत पाणी पडत होतं. वर्षालीला त्या थांबलेल्या हाताकडे बघायचं नव्हतं आणि दुसरीकडे बघता येत नव्हतं. त्यांनीही आपला हात पाहिला. मग डोळे वर करून म्हणाले, "बाई, तू जेवली?"

"नाई. मंग जेवीन."

"मंग कायले. बस न इथंच. घे तुही वाढून."

पंधरा वर्षांत ती सासऱ्यासमोर जेवायला बसली नव्हती. या घरात तशी पद्धत नव्हती आणि कोणी ती मोडायला सांगितली नव्हती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते माया करून बोलावत होते की भिऊन, हे तिला वाचता आलं नाही. कदाचित त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोन्ही असेल. म्हाताऱ्या डोळ्यांत थोडी लाज होती आणि ती त्यांनी लपवली नाही. तिने भांडं खाली आणलं, दुसरं ताट घेतलं, त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. त्याच पातेल्यातली डाळभाजी स्वतःला वाढली. भात कालवला, घास केला आणि तोंडात घातला. पालकाचा तो मातकट, गोडसर वास आला, डाळ आली, लसूण आला. तिने नीट चावलं, घाई न करता, आणि गिळलं.

तिचा घास गिळून होईपर्यंत रूपराव तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी भातात अंगठ्याने खळगा केला आणि ताट थोडं पुढे सरकवलं.

"वाढ अजून थोडी," ते म्हणाले.